या घरात त्या नावाची एकच

माझं लग्नाआधीचं नाव मी इथे लिहिणार नाही. तेच नाव माझ्या नणंदेचं आहे, ती जळगावात राहते, आणि तिला वाचायची आवड आहे. स्वतःचं नाव छापून आलेलं पाहायचं सुख मी तिला देणार नाही.

मी रावेरकडची. वडिलांची केळीची बाग नदीला लागून होती आणि त्या नदीचंच नाव त्यांनी मला दिलं. बागेच्या त्या टोकाहून आई मला हाक मारायची तेव्हा शेवटचं अक्षर लांबवायची. ते नाव आपलं आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. धुळ्याकडचं स्थळ ठरलं तेव्हा कळलं की नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचंही नाव तेच. आई म्हणाली, चांगलंच आहे, दोघी मैत्रिणी होतील.

गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट समोर आलं. नवऱ्याने अंगठी हातात घेतली आणि नणंदेने वाकून त्याच्या कानात काही सांगितलं. तिने सांगितलेलं नाव त्याने तांदळात लिहिलं. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "या घरात त्या नावाची एकच." बायका हसल्या. मीही हसले. नवी नवरी दुसरं काय करणार?

नवं नाव तसं वाईट नव्हतं. देवीचं होतं. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या म्हातारीकडे पापड लाटायला बसलो होतो. तिने मला नाव विचारलं, मी नवं सांगितलं, तर ती लाटणं थांबवून म्हणाली, "हाई ते यास्नी म्हैसनं नाव शे." आमच्या रावेरकडची बोली वेगळी, त्यामुळे आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मी तिला पुन्हा विचारलं. तिने सगळं नीट सांगितलं: माझं नवं नाव हे या घरच्या म्हशीचं नाव होतं. माझ्या लग्नाच्या आधीच्या थंडीत ती म्हैस मेली होती. तिचं नाव नणंदेनेच ठेवलं होतं, आणि दाव्याला बांधलेली ती म्हैस त्याच नावाने ओ द्यायची.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, असेल, आठवत नाही. आणि भाकरी मागितली. त्याला आठवत होतं.

नणंदेचं लग्न जळगावात झालं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायची. आखाजीला आमच्याकडे प्रत्येक मुलगी माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते. मी मात्र जायची नाही, कारण नणंद येणार, तिला पुरणपोळी आणि आंब्याचा रस कोण करून घालणार? ती झोक्यावर आणि मी चुलीपुढे. अंगणातून कोणी तिला हाक मारली की सवयीने माझा हात थांबायचा, कधी तोंडातून ओ निघून जायचा. मग ती बाहेरून सांगायची, "वहिनी, तुम्हाला नाही." दरवेळी तेवढंच, अगदी गोड आवाजात.

तेही मी गिळलं असतं. पण एका वर्षी, मी येत नाही म्हणून माझी आई आखाजीला मला भेटायला आली. दारातूनच तिने मला हाक मारली, बागेत मारायची तशीच, शेवटचं अक्षर लांबवून. मी आतून धावत येईपर्यंत नणंद ओट्यावर उभी राहून म्हणाली, "काय काम होतं माझ्याशी?" आई गोंधळली. सासूबाईंनी तिला समजावलं की तुमच्या मुलीचं नाव आता वेगळं आहे, ते घ्या. आईच्या जिभेवर ते काही बसेना. तिने मला नावाने हाक मारणंच सोडलं. शेवटपर्यंत मला "बाई" म्हणत राहिली, रावेरला माझ्या भावाच्या घरीसुद्धा. मरताना तिच्याजवळ मीच होते. तेव्हाही ती "बाई"च म्हणाली.

त्यानंतर मी वाट बघायला लागले. कशाची, ते मलाही ठाऊक नव्हतं.

माझा मुलगा लग्नाचा झाला आणि त्याने स्वतःच मुलगी पसंत केली. दीपनगरच्या कॉलनीत वाढलेली, जळगावात नोकरीला. त्याने नाव सांगितलं आणि मी हातातली परात खाली ठेवली. माझंच नाव. घरात सगळ्यांना वाटलं मला धक्का बसला. मी पत्रिका बघितली नाही, पाहुणे विचारले नाहीत, हो म्हणून टाकलं.

लक्ष्मीपूजनाला नणंद सुनेसाठी नवं नाव ठरवूनच आली होती. ती भाच्याच्या कानाशी वाकायच्या आत मी मुलाला मोठ्याने सांगितलं, "आहे तेच लिही." त्याने लिहिलं. नणंद म्हणाली, मग मला काय म्हणणार? मी म्हटलं, "तुम्ही आत्या. आत्याच म्हणतील."

लग्नानंतर नेहमीसारखी ती मुक्कामाला राहिली. मी सकाळपासून सुनेला हाका मारायचे, शेवटचं अक्षर लांबवून. चहा घे गं, ऊन फार आहे, आत बस गं. नणंदेची मान वळायची. एकदा तिने ओ दिला, आणि मी ओट्यावरून म्हटलं, "ताई, तुम्हाला नाही." किती वर्षं ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. नवरा वर्तमानपत्र घेऊन आत निघून गेला. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सून हुशार. एका दुपारी भांडी पुसता पुसता म्हणाली, "मम्मी, तुम्ही हाक मला मारता आणि बघता आत्यांकडे." मी तिला सगळं सांगितलं, म्हैससुद्धा. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. पण भांडायचं तर त्यांच्याशी भांडा. माझं नाव मधे नको."

मला तिचा राग आला आणि तिचं पटलंही. हात पुसून मी सरळ बाहेर गेले. नणंद आणि नवरा अंगणात बसले होते. मी त्याच्यासमोरच विचारलं, "ताई, म्हैस कशाने मेली होती हो?"

तिला लगेच कळलं. वाटलं नाकबूल करेल, निदान रडेल. ती पदर सारखा करत म्हणाली, "फार लाडाची होती आमची. वाईट नाव नव्हतं दिलं तुम्हाला."

त्या क्षणी माझ्या मनात उरलीसुरली दया होती ती संपली. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, तुमच्या लाडाच्या म्हशीचं नाव आजपासून तुम्ही परत घ्या. या घरात मला त्या नावाने हाक मारणाऱ्याला ओ मिळणार नाही आणि ताटही मिळणार नाही. ती भावाकडे बघत राहिली. भाऊ जमिनीकडे. शेवटी तो म्हणाला, "चुकलं होतं ते." ते तिला म्हणाला की मला, ते मी विचारलं नाही. संध्याकाळच्या बसने ती गेली.

त्यानंतर ती आमच्याकडे मुक्कामाला आलेली नाही. नवरा अधूनमधून सुचवतो की फोन करावा. मी म्हणते, तुमची बहीण आहे, तुम्ही करा. सगळे सांगतात की राग सोडला की हलकं वाटतं. मला राग ठेवूनच बरं वाटतं. तो माझा आहे.

मागच्या महिन्यात बोदवडला एका लग्नात ती पंगतीत माझ्या शेजारीच आली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. तिला तुपाची वाटी हवी होती, ती माझ्या बाजूला होती. तिने तोंड उघडलं आणि थांबली. वहिनी म्हणण्याइतकं नातं उरलं नव्हतं, आणि नाव कोणतं घ्यावं ते तिला सुचेना. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी ती कोरडीच बट्टी कुस्करायला लागली. मी वाढप्याला बोलावून अजून तूप घेतलं आणि पोटभर जेवले.