मिरची जागची हलली नाही

चहा घ्या, मग सांगतो. पण हसायचं नाही. आणि हसलातच तर आवाज माझ्या सासुरवाडीपर्यंत जाता कामा नये. तसा हा किस्सा तिथे माझ्याआधी पोचलाय म्हणा, आणि ते लोक तो माझ्यापेक्षा रंगवून सांगतात.

माणसाने जळावं तरी कुणावर? शेजाऱ्यावर जळावं, साहेबावर जळावं. मी जळलो साडूवर! आणि जळून जळून असा काही शहाणपणा केला की हातातोंडाशी आलेली ढाल गेली, तीही सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

सुरुवातीपासून सांगतो. मी धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर, राहायला वरशाला. शिफ्ट सुटली की आम्ही पाच जण मोबाइलवर बंदुकांचा खेळ खेळतो. हसू नका म्हटलं ना! वय चौतीस, मुलगी दुसरीत, तरी खेळतो. पाच विरुद्ध पाच. एक टोळी बॉम्ब लावायला येते, दुसरी तो लावू देत नाही. बॉम्ब लावायच्या जागा दोनच, एक गोदाम आणि एक बाजार. राखणाऱ्यांनी या दोन जागा सांभाळायच्या. एवढंच शास्त्र.

आमच्या टीमचं नाव 'वरसे वॉरियर्स'. नाव ठेवलं मी, कप्तान मी, सगळ्यांत जास्त माणसं टिपणारा मी. गोदाम राखायचं काम माझ्याकडे. आता राखायचं म्हणजे तिथे बसून राहायचं, हे मला कळत होतं हो! पण बाहेर पावलं वाजली की माझ्याच्याने बसवतच नसे. मी धावत बाहेर! दोघांना टिपायचो, तिसरा मला टिपायचा आणि उरलेले दोघे मोकळ्या गोदामात आरामात बॉम्ब लावायचे. आम्ही हरायचो. पण टिपणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं असायचं, आणि मला तेवढं पुरे होतं.

मग आमच्यातला एक जण बदली होऊन गुजरातला गेला. पाचवा माणूस कुठून आणायचा? बायको शीतल म्हणाली, "अवो, आपल्या हेमंतला घ्या की."

हेमंत म्हणजे तोच तो साडू. शीतलच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पेणच्या खाडीकडच्या गावातला, खारेपाटातली म्हणजे खाडी बांधाने अडवून केलेली भातशेती, शेताच्या कडेला मासळीचं तळं. आता तुम्हीच सांगा, थोरला जावई कोण? मी! पण सासूबाई जिताड्याचं कालवण करतात तेव्हा मधली जाडजूड तुकडी जाते हेमंतच्या ताटात आणि शेपटाकडची येते माझ्या. जिताडा तो स्वतःच्या तळ्यातून आणतो हे खरं आहे. म्हणून काय थोरलेपण बदलतं का?

मी म्हटलं, येऊ दे. माझ्या हाताखाली खेळेल तेव्हा कळेल थोरला कोण ते.

पहिल्या दिवशी आला आणि बाजाराच्या एका कोपऱ्यात जाऊन बसला. हलेना, बोलेना. मला वाटलं, झोपला! आणि मग समोरचे आले. हा शांतपणे हेडफोनमधून सांगतोय, "डावीकडून दोघं येतात. इरफान, तू हलू नको. बाळ्या, मागचा दरवाजा बघ." दोन-तीन गोळ्या झाडल्या असतील त्याने. बाजार जागच्या जागी आणि आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी जिंकलो. तिसऱ्या दिवशीही.

"काय बसतो रे तुझा साडू!" बाळ्या म्हणाला. हा बाळ्या माझ्याच शिफ्टला असतो, रोज माझ्या डब्यातलं लोणचं खातो. "असा बसणारा माणूस आपण बघितलाच नाय!"

बसण्याचं कौतुक! मी जिवावर उदार होऊन दोघांना लोळवतो त्याचं काही नाही, आणि हा नुसता बसतो तर वाहवा!

इरफानने त्याला विचारलं, "हेमंतभाई, येवढा वेळ बसवतं कसं तुला?"

"आमच्याकडं बांध राखतात ना, तसंच हाय हे," हेमंत म्हणाला. "उधाण आलं की प्रत्येकाला बांधाचा आपापला तुकडा. खाडीचं पाणी कुठून घुसंल सांगता येत नाय. शेजारचा वरडला म्हणून तू धावलास, की तुझाच तुकडा फुटून खांड पडते. एकानं जागा सोडली की अख्ख्या गावाची शेती खारी. बाबा सांगायचे, कुणीबी हाक मारू दे, जागा सोडायची नाय."

सगळे आ वासून ऐकत होते. त्या दिवसापासून 'जागा सोडायची नाय' हा टीमचा मंत्र झाला. बाळ्या तर कंपनीत व्हॉल्व्ह फिरवता फिरवता मला ऐकवायचा. हो, जळत होतो मी. खोटं कशाला बोलू? रात्रंदिवस जळत होतो.

आणि अशा जळत्या घरात बातमी आली की जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो! सामना पेणला, एका हॉलमध्ये. बक्षिसाच्या ढालीचा फोटोही आला. गणपतीच्या कारखान्यात बनवून घेतलेली ढाल, तिच्यावर बंदूक घेतलेला सैनिक. सैनिक कसला रुबाबदार! फक्त डोळे आखणाऱ्याने सवयीने गणपतीसारखे आखलेले, त्यामुळे तो बंदूक रोखून आशीर्वाद देतोय असं वाटायचं. पण मला ती ढाल हवी होती. कारण सामना सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या घरापासून पाच मिनिटांवर, आणि आबा म्हणाले होते, "दोन्ही जावय खेळतात म्हंजे मी येनारच."

दोन्ही जावय! मला एकच दाखवायचा होता.

सामन्याला आठवडा असताना मी बायकोच्या मावशीला गाडीत बसवून द्यायला कोलाडला गेलो होतो. परत येताना हायवेच्या एका हॉटेलासमोर ओळखीच्या चार बाइक दिसल्या. आत बघतो तर काय, हेमंत, बाळ्या, इरफान आणि योगेश. माझी टीम, आणि मी बाहेर! मी एका ट्रकच्या आडोशाला उभा राहिलो.

हेमंतने टेबलावर वड्याची प्लेट, चटणीची वाटी आणि पाण्याचे ग्लास मांडले होते. प्लेटच्या कडेला एक तळलेली मिरची. तो मिरचीवर बोट ठेवून काहीतरी सांगत होता. मग त्याने ती मिरची बोटाने ढकलत ढकलत प्लेटच्या बाहेर काढली. आणि चौघेही खदाखदा हसले!

मला कळायचं ते कळलं. मिरची म्हणजे मी. मला टीमच्या बाहेर काढतायत!

दुसऱ्या दिवशी कंपनीत बाळ्याला सहज विचारलं, "काल कुठे होतास रे?"

"कुठं नाय. घरीच की."

घरी! आणि बोलताना माझं लोणचं खात होता. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. मी वाकून बघितलं. चौघांचा वेगळा ग्रुप, आणि फोटोच्या जागी चक्क हिरवी मिरची! आता सांगा, आणखी कुठला पुरावा हवा?

मी ठरवलं. यांना बसणारा माणूस हवाय ना? असा बसून दाखवतो की हेमंत बसणं विसरेल. त्याच संध्याकाळी सराव सुरू केला. हॉलमध्ये पाट टाकला, मांडी घातली आणि ठरवलं की अर्धा तास हलायचं नाही.

"अवो, गॅसवर दूध हाय, बघा जरा," शीतल गॅलरीतून ओरडली. मी गप्प.

"अवो, दूध!"

मी गप्प. पहिला वास आला, मग सूं आवाज आला, मग शीतल धावत आली.

"अवो, दोन पावलांवर बसलाय, उठता येत नाय? काय झालंय काय तुम्हाला?"

"जागा सोडायची नाही," मी म्हटलं. लिटरभर दूध गेलं, पण मी हललो नाही. मुलीने आईला हळूच विचारलं, "पप्पांना देव आलाय का?"

फायनलचा दिवस उजाडला. हॉल भरलेला. मोठ्या पडद्यावर खेळ दिसत होता. पहिल्या रांगेत आबा, पांढरी टोपी, मांडीवर काठी. समोर अलिबागची टीम. पोरं हुशार, आमचे आधीचे सगळे सामने बघून आलेली. लढत रंगली आणि बरोबरीत आली. शेवटचा डाव उरला. राखायची पाळी आमची. हा डाव आमचा तर ढाल आमची.

डाव सुरू व्हायच्या आधी हेमंत माझ्याकडे झुकला. "दादा, तू नेहमीसारखा खेळ हां. अगदी मनमोकळा."

बघितलंत? नेहमीसारखा! म्हणजे मी बाहेर धावावं, मरावं, गोदाम जावं आणि आबांनी डोळ्यांनी बघावं, की थोरला हा असा आणि धाकटा तो तसा! मी नुसता हसलो.

डाव सुरू झाला. मी गोदामातल्या एका खोक्यामागे बसलो. बाहेर पावलं वाजली. माझ्या अंगठ्याला मुंग्या आल्या. नाही हललो! बाहेरून एकाने उगाचच हवेत गोळ्या झाडल्या, मला खुणावल्यासारख्या. नाही हललो! त्यांनी आत एक हातबॉम्ब टाकला, अर्धा जीव गेला. तरी खोक्यामागूनच दोन गोळ्या झाडल्या आणि बसून राहिलो.

हेडफोनमध्ये हेमंत कुजबुजला, "दादा, बाहेर कोण हाय बघतोस का जरा?"

"नाही."

"दादा, जा ना!"

"कुणीही हाक मारू दे," मी म्हटलं, "जागा सोडायची नाही. तुझ्याच वडिलांनी सांगितलंय ना?"

"पश्या, पळ रे बाबा!" हा बाळ्या. आयुष्यात पहिल्यांदा तो मला पळ म्हणत होता.

"दादा, प्लॅन हाय रे आपला!"

"माहीत आहे मला तुमचा प्लॅन!" मी ओरडलो. "मिरचीचा!"

मग योगेशचा आवाज आला, अगदी रडकुंडीला आलेला. "अरं, पाचीच्या पाची इकडं बाजारात आले! मी येकटाच हाय! कुणीतरी या रे!"

बाकीचे तिघे धावले, पण ते होते माझ्या गोदामाच्या पाठीमागे. पोचेपर्यंत बॉम्ब लागला आणि फुटलाही. पडद्यावर अलिबागचं नाव झळकलं. मी अजून खोक्यामागे बसूनच होतो.

आशीर्वाद देणारा तो सैनिक अलिबागला गेला. आणि आम्ही पाचही जण मान खाली घालून जेवायला सासऱ्यांकडे गेलो. सासूबाईंनी सकाळपासून जिताडा करून ठेवला होता.

"काय झालं रे नक्की?" आबांनी विचारलं. "मला काय कळलंच नाय."

हेमंतने समोरच्या ताटातली मिरची उचलली. पुन्हा मिरची!

"आबा, दादा नेहमी गोदामातून बाहेर पळतो. अलिबागवाल्यांना ते पाठ होतं. दादा पळाला की ते पाचीच्या पाची गोदामात घुसनार. म्हणून आम्ही तिघं गोदामाच्या मागं दबा धरून बसलो. ते आत आले की तिन्हीकडून धरायचे. बाजारात नावाला एकटा योगेश ठेवला. फक्त दादानं पळायचं होतं. तो हललाच नाय, म्हणून ते बाजाराकडं वळले."

आबा जन्मभर बांधावर राहिलेला माणूस. क्षणात उजळले. "म्हंजे बांधाची उघाडीच की रे! भरतीला बांधाचा दरवाजा मुद्दाम उघडायचा, पान्याबरोबर मासळी आत येती, आनि मागं आपलं जाळं!"

"व्हय आबा. दादा आमची उघाडी होता."

"आनि नेमकी आजच उघाडी उघडली नाय!" आबा मांडीवर थाप मारून हसले.

"मग मला सांगितलं का नाही?" मी चिडून विचारलं.

"तुला सांगितलं असतं," बाळ्या म्हणाला, "तर पळताना धा वेळा मागं वळून बघितलं असतंस. तुझं पळणं खरं असतं म्हणून तर लोक फसतात!"

बायको माझ्याकडे बघत होती. तिला बहुतेक ते लिटरभर दूध आठवत असावं.

मग हेमंत माझ्याजवळ सरकला आणि अगदी मनापासून म्हणाला, "पण दादा, एक सांगू? हातबॉम्ब पडला, आम्ही बोंबललो, तरी तू जागचा हलला नाहीस. असं बसायला मलाबी जमलं नसतं."

काय सांगू तुम्हाला! सहा महिने ज्या वाक्यासाठी मी जळत होतो, ते वाक्य त्याच्याच तोंडून आलं. ढाल गेलेली, टीम रडवेली आणि मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या.

"हसताय काय?" शीतलने कोपर मारलं. "हरलात ना तुम्ही?"

तेवढ्यात सासूबाई कालवण घेऊन आल्या. मी इतका हिरमुसलेला दिसलो असेन की त्यांना दया आली. जिताड्याची मधली, जाडजूड तुकडी त्यांनी आज माझ्या ताटात वाढली. पहिल्यांदाच!

आणि मी काय केलं असेल? घास घ्यायच्या आधी मान लांब करून हेमंतच्या ताटात बघितलं, त्याची तुकडी केवढी आहे ते.