मिळाला का कळव

माझ्या मामाला गल्लीत सगळे बिनतारी म्हणतात. फौजेत असताना तो बिनतारी यंत्रावर होता, आणि निवृत्त होऊन घरी आला तेव्हा यंत्र तिथेच राहिलं, सवय मात्र सामानाबरोबर आली. मामीने साखर आणायला सांगितली की तो दारात उभा राहून म्हणणार, "साखर, एक किलो. मिळाला." मग मामीने "बरोबर" म्हणायचं. ती नाही म्हणाली तर हा पिशवी घेऊन उंबऱ्यावरच उभा. मामी म्हणते, ह्या माणसाने जन्मात कधी चुकीची वस्तू आणली नाही आणि जन्मात कधी माझं डोकं शांत राहू दिलं नाही.

फौजेत मामा होता एक नंबर. म्हणजे हुशारीत नव्हे, ते त्याच्या ठाण्याचं नाव. वर डोंगरावर, बर्फात, दुसरं ठाणं होतं आणि तिथला माणूस दोन नंबर. या दोघांनी एकमेकांचं तोंड क्वचितच पाहिलं, पण आवाज रोज ऐकला. मामीचा आवाज मी नंतर ऐकला, त्याचा आधी, असं मामा सांगायचा. मामी म्हणायची, मग त्याच्याशीच लग्न करायचं होतं. हवा खराब झाली आणि आवाज पोचेना, की बटण दोनदा दाबायचं. खट् खट्. म्हणजे संदेश मिळाला. मग समोरच्यानेही तसंच खट् खट् करायचं, की बोलणं संपलं. तसं उत्तर आलं नाही तर काय, असं मी लहानपणी विचारलं होतं. मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवण झाल्यावर हात का धुवायचे असं विचारलं होतं. "पुन्हा पाठवायचा," तो म्हणाला. "मिळेपर्यंत."

घरी आल्यावर त्याला रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात काम मिळालं. इस्पितळाच्या तळघरातली खोली, चार खुर्च्या, भिंतीवर शहराचा नकाशा, आणि एक पंखा जो फक्त स्वतःला वारा घालायचा. फोनवर माणसं रडत असायची. मामा त्यांच्याकडून पत्ता घ्यायचा, परत म्हणून दाखवायचा आणि 'बरोबर' म्हणवून घ्यायचा. गाडीचे ड्रायव्हर त्याच्या नकला करायचे, पण पाळी त्याचीच असावी असं मनात म्हणायचे. चुकीच्या गल्लीत शिरून गाडी मागे घेणं काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्या खुर्चीत बसला की मामा दहा वर्षांनी तरुण दिसायचा. मी एकदा त्याला तसं म्हटलं, तर म्हणाला, खुर्ची सरकारी आहे, तिच्यात कुणीही ताठच बसतो.

बिघडलं ते त्या ग्रुपवर. मामाच्या तुकडीतल्या निवृत्त लोकांचा फोनवर एक ग्रुप होता. सकाळी फुलांची चित्रं, दुपारी गुडघ्यांच्या तेलाची माहिती, संध्याकाळी कुणाला तरी नातू. दोन नंबर त्या ग्रुपचा विनोदवीर. एके दिवशी त्याने जुना किस्सा टाकला. वादळाच्या वेळी गस्तीवरच्या पोरांना परत बोलवायचं होतं, त्याने वरून खाली तसा संदेश दिला होता, पण खाली आमचा एक नंबर गाढ झोपला होता. पोरं एक दिवस उशिरा परतली. शेवटी हसणारे चेहरे. खाली बाकीच्यांनी आपापली हसू चिकटवली. एकाने लिहिलं, तरीच त्याचं पोट सुटलंय.

उशीर खरा होता, विनोदी नव्हता. त्या गस्तीतल्या एका पोराची बर्फाने बोटं गेली होती. त्या वेळी चौकशी झाली, दोष हवेवर टाकला गेला, आणि हवा काही उत्तर द्यायला आली नाही. पण मामा स्वतःच्या मनात ती चौकशी चालवतच राहिला होता. तो जागा होता. संदेश आलाच नव्हता. आणि आला नाही हे दोन नंबरला कळायला हवं होतं, कारण मामाचं खट् खट् वर गेलंच नव्हतं. मग त्याने पुन्हा का नाही पाठवला? एवढा एकच प्रश्न त्याच्याजवळ होता आणि तो त्याने इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. दोस्ताला कसं विचारणार?

ते वाचल्यावर तो ताटावरून उठला. ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने थेट दोन नंबरच्या फोनवर पाठवलं: "खोटारड्या, झोपला असशील तू आणि तुझा बाप. ग्रुपवर खरं काय ते लिही. नाहीतर घरी येऊन जीभ उपटीन. मिळाला का कळव."

संदेशाखाली निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे वाचला. उत्तर नाही.

मग मामाने तेच केलं जे त्याला शिकवलं होतं. पुन्हा पाठवला. तोच, शब्दन् शब्द. शब्द बदलले की तो वेगळा संदेश होतो म्हणे. पुन्हा निळ्या खुणा, पुन्हा उत्तर नाही. कामावर दोन फोनांच्या मध्ये, जेवणाच्या सुट्टीत, घरी चहा उकळेपर्यंत. असं काही दिवस चाललं. घरात कुणाला पत्ता नव्हता. मामी सांगते, उलट त्या दिवसांत ते जरा टवटवीत दिसत होते.

आम्हाला कळलं ते पोलिसांचा फोन आला तेव्हा.

झालं होतं असं. तो किस्सा टाकला त्याच संध्याकाळी दोन नंबर न्हाणीघरात पडला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. मामाचा पहिला संदेश आला तेव्हा तो इस्पितळात नळ्यांमध्ये होता, आणि फोन त्याच्या मुलीच्या पर्समध्ये. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, घरात बाप-लेक दोघंच. फोन वाजला की एखाद्या नातेवाइकाचा असेल म्हणून ती उघडायची, आणि कुणीतरी बापाची जीभ उपटायला निघालेलं असायचं. पाठवणाऱ्याचं नाव फोनमध्ये 'एक नंबर' असं होतं. ती बिचारी समजली, कुणी मोठा गुंड असणार.

पोलीस ठाण्यात मामाबरोबर मी गेलो होतो, आणि वकीलबाई. हवालदाराने छापलेली पानं समोर ठेवली आणि विचारलं, हे तुमचं का. मामा उठून ताठ उभा राहिला. म्हणाला, "होय. शब्दन् शब्द बरोबर आहे." वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर त्यांनी समजावलं, की काका, एकदा शिवी दिली तर भांडण असतं. तीच शिवी रोज दिवसभर दिली की कायद्यात त्याला छळ म्हणतात, आणि वर धमकीचं कलम वेगळं. मामा म्हणाला, पण मी एकच संदेश पाठवला आहे. त्याचं खरंच तसं म्हणणं होतं.

जामीन मिळाला. अट अशी, की त्या घराशी कसलाही संपर्क करायचा नाही, स्वतः नाही, दुसऱ्यातर्फे नाही. नियंत्रण कक्षाच्या ठेकेदाराने खुर्ची काढून घेतली आणि केस मिटली की या, म्हणून सांगितलं. दोन नंबर आजारी आहे हे मामाला त्या दिवशी कोर्टात कळलं. घरी येऊन तो कपडे न बदलता पलंगाच्या कडेला बसून राहिला. मामीने चहा दिला. त्याने मिळाला म्हटलं नाही.

दोन नंबरची मुलगी वाईट नव्हती. बापाच्या फौजेतल्या माणसाला तुरुंगात घालून तिला काय मिळणार होतं? तिच्या वकिलाकडून निरोप आला: लेखी माफी द्यावी, पुढच्या तारखेपर्यंत गप्प राहावं, ती तक्रार मागे घेईल. एवढंच. गप्प राहायचं, की केस मिटते, खुर्ची परत मिळते. वकीलबाई म्हणाल्या, इतकं सोपं प्रकरण मी वर्षभरात पाहिलेलं नाही.

माफीनामा मामाने स्वतः लिहिला. चांगला लिहिला होता. शेवटचं वाक्य होतं, 'तरीही तू त्या दिवशी पुन्हा पाठवायला हवा होतास.' ते वकीलबाईंनी खोडलं. कागद कोर्टात दाखल केला आणि एक प्रत तिच्या वकिलाच्या हाती दिली. पायऱ्या उतरताना मामाने विचारलं, "मिळाला का?"

"पोचला, काका."

"त्याला मिळाला का?"

"कोर्टाला मिळाला."

"कोर्टाला मी शिवी दिली नव्हती."

वकीलबाई हसल्या. मीही हसलो. मामा काही विनोद करत नव्हता.

त्यानंतर घरात मामाची जी अवस्था झाली ती बघवत नव्हती. मामीने त्याचा फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. तो खिडकीत बसायचा आणि रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की कुठली गाडी, कुठल्या दिशेला, ते पुटपुटायचा. मला दिवसातून चारदा विचारायचा, त्याने वाचला असेल का. त्याला वाचता येतं का. कुणी वाचून दाखवला का. मी म्हणायचो, मामा, तारखेपर्यंत कळ काढ. तो म्हणायचा, अरे, तारखेपर्यंत तो राहायला तर हवा.

एका सकाळी मामी दातांच्या डॉक्टरकडे गेली. घरी परतली तेव्हा ओट्यावर तांदूळ सांडलेला होता.

"माफीनामा पाठवला आहे. कृपया मिळाला का कळव." निळ्या खुणा. उत्तर नाही. मग पुन्हा. मग पुन्हा.

न्यायाधीशांनी ते सगळं शांतपणे वाचलं. वकीलबाईंनी दाखवून दिलं, की यात एकही वाईट शब्द नाही, कृपयासुद्धा आहे. न्यायाधीश मामाला म्हणाले, "मी तुम्हाला चांगलं बोला असं सांगितलं नव्हतं. बोलू नका असं सांगितलं होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्यावर काही बोलता तरी आलं असतं. जामीन रद्द झाला. मामाला पट्टा आणि बुटाच्या नाड्या काढून द्यायला सांगितल्या. त्या त्याने घडी घालून दिल्या.

वकीलबाईंनी बजावलं होतं, की आता त्या घराच्या आसपास फिरकू नका. मामी म्हणाली, हुकूम यांच्यावर आहे, माझ्यावर नाही, मी माझे हात जोडायला चालले आहे. मी तिच्याबरोबर गेलो.

मुलीने दार उघडलं आणि आम्हाला आत घेतलं, हेच खूप झालं. लहानशी खोली, औषधांचा वास, खिडकीपाशी चाकांची खुर्ची. तिच्यात दोन नंबर. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. इतकी वर्षं ज्याच्या आवाजाच्या गोष्टी ऐकल्या, तो माणूस आणि त्याला आवाज नाही. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा.

मामीने हात जोडले. मुलगी म्हणाली, "काकू, मला त्यांचा राग नाही. पण बाबा जगतात की नाही ते कळत नव्हतं, आणि हा माणूस दर थोड्या वेळाने त्यांची जीभ उपटतो म्हणत होता. त्यांची जीभ तर आधीच गेली होती." मग म्हणाली, माफी दिली म्हणून जरा कुठे झोप लागायला लागली, तर पुन्हा तोच फोन वाजायला लागला. आता ते नाव दिसलं की मी फोन पालथा घालते. मामीने जोडलेले हात खाली घेतले.

मी विचारलं, माफीनामा बाबांना वाचून दाखवला का. ती म्हणाली, हो, आणला त्याच दिवशी. मग ते काय म्हणाले? काय म्हणणार. पाणी मागितलं.

तेवढ्यात खुर्चीच्या दांडीवर आवाज झाला. उजव्या हाताच्या अंगठीने. टक् टक्. मुलगी उठली, भांडं भरून तोंडाशी नेलं. त्याने मान फिरवली. "हे असंच," ती म्हणाली. "दिवसभर पाणी मागतात आणि पीत नाहीत." थोडं थांबून पुन्हा टक् टक्. मामी माझ्याकडे पाहत होती.

मी तिला सांगितलं, की ते पाणी मागत नाहीत. फौजेतली ती खूण सांगितली, मिळाला म्हणजे काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग भांडं खाली ठेवून म्हणाली, डॉक्टर म्हणतात या हालचालींना अर्थ नसतो. आणि तुम्ही आता जामिनासाठी काहीही सांगाल. दारापर्यंत ती आम्हाला सोडायला आली. मागे टक् टक् चालूच होती.

तुरुंगात भेट काचेपलीकडून होते. अलीकडे एक फोन, पलीकडे एक. मामाने फोन उचलला आणि बोलताना अंगठा त्याच्या मधोमध दाबला, जिथे बटण नव्हतं. मामा वाळला होता. नियंत्रण कक्षात कोण बसतो ते त्याने आधी विचारलं. कुणी नवा आहे म्हणालो. पत्ता परत म्हणून दाखवतो का? माहीत नाही म्हणालो.

मग मी दोन नंबरचं सांगितलं. माफीनामा वाचून दाखवला होता, अंगठी, पाणी, सगळं. मला वाटलं, आता याचा जीव भांड्यात पडेल.

त्याने विचारलं, "एकदाच वाजवलं?"

"नाही. दिवसभर वाजवतात म्हणाली."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "म्हणजे त्याला माझं उत्तर गेलेलं नाही."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"वादळाच्या दिवशी एकदाच पाठवून बसला होता," मामा म्हणाला. "आता बघ. आता पाठवतोय." त्याचे डोळे भरले होते, आणि तोंडावर कौतुक होतं की काय, कळत नव्हतं. "कुणीतरी त्याला दोनदा वाजवून दाखव. मग तो थांबेल. नाहीतर तो मरेपर्यंत थांबणार नाही, मी ओळखतो त्याला."

मी म्हटलं, मामा, तुझ्यातर्फे मीही नाही. हुकूम आहे. आणि ती आता दार उघडणार नाही.

"मिळाला," मामा म्हणाला.

वेळ संपल्याची घंटा झाली. पहारेकऱ्याने त्याच्या हातातून फोन काढून जागेवर टांगला. मामा उठला, आणि उठता उठता बोटाच्या पेराने काचेवर दोनदा वाजवलं. पहारेकऱ्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. काचेवर वाजवू नये.