मुकाट शिंपलेला चर

“ही वरडंल व्हय? हिचा आवाज फोनवर बी ऐकू येत न्हाई.”

कडब्याच्या कोपीला भिंत अशी नसतेच. बाहेर माझा आतेभाऊ संगमेश आमच्या वाटेकऱ्याला, माणिकअण्णाला, हे सांगत होता आणि आत मी मडक्यात आंबील ओतत होते. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, होतं ते खरंच होतं. बीदरजवळच्या कोळारमधल्या एका कारखान्यात मी तपासणीचं काम करते. तिथंही माझं सगळं बोलणं कागदावरच चालतं. शाळा इंग्रजीतली, घरात मराठी, मैलूरच्या आमच्या गल्लीत कन्नड आणि दखनी. चार भाषा येतात आणि चारही भाषांत मी गप्प असते.

“वरडावं लागंल अक्का,” माणिकअण्णा कोपीच्या दारात वाकून म्हणाला. “तुरीत डुकरं हायती. चार दिस झालं बघायलाव. आवाज देत गेलं की सरकत्यात बाजूला. भ्यायचं काम न्हाई.”

मी मान हलवली. तो समाधानानं शेजारच्या त्याच्या शेताकडं निघून गेला.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्या भागात गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. बीदर जिल्ह्यातल्या मेहकरजवळचं आमचं शेत अप्पांच्या वाटणीचं. दरवर्षी आम्ही बीदरहून मिश्र भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन तिथं येतो. कोपीत चुना लावलेल्या पाच दगडांची पूजा आत्या करते. अप्पा, माझे वडील, बसवण्णांना मानणारे. तळहातावरच्या इष्टलिंगाशिवाय ते कुठं हात जोडत नाहीत. आत्याची पूजा चालू असताना ते बाजूला उभे राहून हसायचे. पण जेवणाआधी शेताभोवती फिरून पिकावर आंबील शिंपायची, तो चर त्यांनी कधी चुकवला नाही. “ही पूजा न्हाई, ह्यो शेताचा दासोह हाय,” म्हणायचे. “मुंगी, उंदीर, पाखरू, डुक्कर, समद्यांचं घर हाय ह्ये. वरसातून एक दिस आपुन त्यास्नी बोलवून वाढायचं.” त्यावर संगमेश दरवर्षी म्हणायचा, “मामा, डुकराला कामून बोलवायलाव? ते न बोलवता वरीसभर जेवायलंय की!” आणि अप्पाही दरवर्षी नव्यानं हसायचे.

चर शिंपताना ओरडायचं असतं: ‘ओलगे, ओलगे, सालम पोलगे.’ लहानपणी मी याचा अर्थ विचारला होता. अप्पा म्हणाले, “अर्थ कुणाला ठावं? ऐकू गेलं की झालं.” मला ते पटलं नव्हतं. ज्याचा अर्थ कळत नाही ते मोठ्यानं म्हणायची मला लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणींपैकी कुणी पाहिलं तर, असंही वाटायचं. म्हणून मी नेहमी कोपीतच बसून राहायचे.

श्रावणात अप्पांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. पाय काठीच्या आधारानं थोडा परत आला. वाचा आली नाही. आई मी शाळेत असतानाच गेली होती, म्हणून त्यांचं सगळं माझ्याकडं आलं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर लिंग घ्यायचे, पण पाणी घालायला, भस्म लावायला उजवा हात नव्हता. ते मी करायचे. वेळेवर गोळ्या द्याव्यात, तसं. माझं स्वतःचं लिंग कॉलेजात असताना गळ्यातून काढून मी कपाटात ठेवलं होतं आणि ते तिथंच होतं. पूजेच्या वेळी अप्पांचे ओठ हलायचे, सहा अक्षरांचा शिवमंत्र बाहेर यायचा नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. ते टिपताना माझ्या मनात रोज एकच यायचं, की ज्याला बोलता येत नाही त्याचं कोण ऐकत असेल? उत्तर ‘कुणीच नाही’ असं असेल अशी भीती वाटायची, म्हणून तो प्रश्न मी कुणालाच विचारला नाही.

ज्याचं शेत त्याच्या घरातल्यानंच चर शिंपायचा, त्यामुळं यंदा ते माझ्यावर आलं. अप्पांनी डाव्या हातानं त्यांचं घोंगडं माझ्या डोक्यावर टाकलं. कमरेवर मडकं, हातात कडुलिंबाचा डहाळा घेऊन मी निघाले. पहिली बाजू ज्वारीची, कोपीतून दिसणारी. संगमेश फोन उभा धरून माझ्याकडं बघत होता. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. तुरीत शिरले की म्हणेन, असं ठरवलं. आणि तुरीत शिरल्यावर वाटलं, आता तर कुणी बघतही नाही, मग कशाला? मी डहाळा बुडवत होते, शिंपडत होते, पुढं जात होते. अगदी मुकाट. मनातून थोडी खूशही होते, की कुणाला कळणार नाही.

तूर डोक्याच्या वर गेली होती. पाला वाळत आलेला, त्यामुळं माझ्याच चालण्याचा आवाज सगळीकडून यायचा, त्यात घोंगड्यानं कान झाकलेले. ओढ्याच्या अंगाला, बाभळींच्या जवळ, कुणीतरी शेंगा फोडून खातंय असं वाटलं. मला वाटलं, माणूसच असेल. आज कुणीही कुणाच्याही शेतात जातं. मी ओळीतून वळले आणि थांबले.

ती माझ्यापासून चार-पाच पावलांवर होती. रानडुकरीण. चित्रात बघून कळत नाही ती किती उंच असते. मानेपासून पाठीपर्यंतचे केस उभे राहिले होते, तोंडाला माती लागली होती आणि ती दात एकावर एक वाजवत होती, कात्रीसारखा कोरडा आवाज करत. तिच्या मागं अंगावर पट्टे असलेली पाच-सहा पिल्लं होती. मी तिच्या घरात, तिला न कळवता, थेट तिच्या पिल्लांवर येऊन उभी राहिले होते.

लोक म्हणतात अशा वेळी देव आठवतो. मला आठवला नाही. रोज अप्पांच्या ओठांवर बघितलेली सहा अक्षरं मला सापडली नाहीत. शाळेतल्या प्रार्थनेची एक ओळ डोक्यात आली आणि अर्ध्यातच तुटली. पळावंसं वाटत होतं, पण पायांना ते कळत नव्हतं. ओरडायचं तर सुचलंच नाही. मडकं कधी कलंडलं ते समजलं नाही. आंबील माझ्या पावलावर सांडली, थंडगार, आणि मी त्या थंडीनं दचकलेसुद्धा नाही.

मग त्या पिल्लांतलं एक पुढं आलं. आंबट वास त्याला लागला असावा. ते आईच्या पायांखालून निघालं, सरळ माझ्या पायाशी आलं आणि जमिनीवरची आंबील चाटू लागलं. त्याचं नाक माझ्या अंगठ्याला लागत होतं, ओलं आणि गरम. आता मी हलले तर ती अंगावर येणार, हे मला स्पष्ट कळलं. आणि नाही हलले तरीही येणारच होती. ती एक पाऊल पुढं आली. पुन्हा एक. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला इतकी भीती वाटली नसती. तिथं नुसतं ठरलेलं होतं.

त्या क्षणी मी काही मागितलं नाही. हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. हाक मारली नाही, नवस बोलले नाही. फक्त आत कुठंतरी हात सोडल्यासारखं झालं, की आता माझ्याकडून काही होण्यासारखं नाही.

“ओलगे...!”

लांबून, कोपीच्या बाजूनं. जुना, जाड, छातीतून आलेला आवाज. डुकरिणीनं मान वर केली.

“ओलगे...!”

मला आधी वाटलं, संगमेश माझी थट्टा करतोय. पण दुसऱ्या वेळी तो आवाज मध्येच फाटला आणि मला कळलं. तो आवाज मी श्रावणापासून ऐकला नव्हता.

डुकरीण हुंकारली, एकदाच. पिल्लू माझ्या पायापासून निघालं. ती सगळी ओळीनं, घाई न करता, बाभळींखालून ओढ्यात उतरली. शेवटच्या पिल्लाची शेपटी दिसेनाशी झाल्यावर मी खाली बसले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. हातात मडकं तसंच होतं. निम्मी आंबील शिल्लक होती.

कोपीत आले तेव्हा अप्पा मेढीला धरून उभे होते, काठीशिवाय. त्यांच्या पायाशी ताट उपडं पडलं होतं. आत्या रडत होती आणि मला बघून आणखी रडायला लागली.

“मघाधरनं कान लावून बसला हुता,” ती म्हणाली. “गोळीसाठी आधी वाढलं हुतं, तर घास तोंडात घालंना. तुझा आवाजच येईना म्हनून. एकदम उठला बघ! कामून वरडली न्हाईस गं? मुकी हाईस व्हय तू?”

मी काय घडलं ते थोडक्यात सांगितलं. पिल्लू पाय चाटत होतं हे ऐकल्यावर संगमेश पांढरा पडला आणि मग त्याला राहवलं नाही. “म्हंजे डुकराला खरंच बोलवून वाढलीस म्हन की. मामाचं इतक्या वर्षांचं म्हननं तूच खरं केलीस!” आत्यानं त्याला उलथण्यानं मारलं. ती म्हणत राहिली, की ती डुकरीण नव्हतीच, शिवच रूप घेऊन आला होता, तिच्या भावाची वाचा उघडायला. अप्पांनी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. ओठ हलले. काही आलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डाव्या हातानं माझ्या पावलावरची वाळलेली आंबील पुसली. मी त्यांची मुलगी, मी त्यांच्या पायाशी बसायला हवं होतं. ते माझ्या पायाशी वाकले होते.

नंतर बीदरच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, असं होतं कधी कधी. बोलणं जातं, पण वर्षानुवर्षं म्हटलेलं एखादं आरोळीसारखं वाक्य, एखादा मंत्र मेंदूत वेगळ्या जागी राहतो आणि धक्का बसला की बाहेर येतो. मी त्यांचं म्हणणं मानते. आत्याचं रूपाचं म्हणणं मी मानतही नाही आणि खोडतही नाही. माणिकअण्णा म्हणतो, “पिल्लाची आई हुती, दुसरं काय.” मला वाटतं, तेही कमी नाही. दोन जीव त्या दिवशी आपापल्या लेकरासाठी उभे राहिले होते, एक तुरीत आणि एक कोपीत, आणि त्या दोघांच्या मध्ये मी होते, माझी लाज सांभाळत.

पण रोज सकाळी पडणारा तो प्रश्न आता तसा राहिलेला नाही. बोलता न येणाऱ्याचं कोण ऐकतं, असं मी विचारायचे. त्या दिवशी माझं न बोलणं कुणीतरी ऐकलं होतं. जेवण बाजूला ठेवून, कान लावून. मी हाक मारली नव्हती, तरी हाक आली. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, पाठ केलेलं म्हणावं लागतं, असं मला वाटायचं. ते तसं नसावं. आपण कुठं आहोत, कुणाच्या घरात शिरतोय, हे न लपवणं, एवढंच असेल कदाचित. कपाटातलं लिंग मी काढलं आहे. अप्पांच्या शेजारी बसते आणि ते ओठ हलवतात तेव्हा ती सहा अक्षरं मी मोठ्यानं म्हणते. अजूनही घाबरतच. त्या डुकरिणीचे दात अजून कानात वाजतात आणि झोपेतून उठवतात. भीती गेली नाही. तिच्यासकट बसता येतं, एवढाच बदल. याबद्दल मी कृतज्ञ आहे. कुणाची, ते पूर्ण उमगलेलं नाही.

त्या दिवसाचं एवढंच सांगायचं राहिलं. चराची फेरी अर्धी राहिली होती. आत्या म्हणाली, “ऱ्हाऊ दे, देव काय म्हनत न्हाई.” संगमेशनं मडक्याला हात घातला, “आन इकडं, म्या टाकून येतो.” अप्पा माझ्याकडं बघत होते. मी मडकं सोडलं नाही. हाक ऐकून धावत आलेला माणिकअण्णा काठी घेऊन मागं चालायला तयार झाला आणि आम्ही निघालो. जिथून मी मागं फिरले होते त्या ओळीच्या तोंडाशी मी थांबले. आत पाला वाजत होता. वारा होता की आणखी काही, माहीत नाही. मी घोंगडं कानांवरून मागं सारलं. दरवर्षीची ती आरोळी आधी तोंडात आलीच नाही. आली ती माझी, साधी, घरातली बोली, आणि ती इतक्या मोठ्यानं आली की मागं माणिकअण्णा दचकला.

“मी अप्पांची पोरगी हाय! चर घेऊन यायले! वाट द्या मला, आन् जेवा!”