मायसाठी शिवलेला तंबू

संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मायनं आता उन्हात जायचं नाही, तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"कायमचंच समजा," त्या म्हणाल्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. अंबडच्या पुढं आमचं गाव. शेतात कापूस, तूर, आणि विहिरीच्या कडेला मोसंबीची थोडी झाडं. मला अंबडलाच दिलेली. घरी बसून मी ब्लाउज, शाळेचे गणवेश, असलं काय काय शिवते. मायला दवाखान्यात न्यायचं काम त्यामुळं माझ्याकडंच आलं होतं.

आधी सगळ्यांना वाटलं होतं, नुसतं ऊन लागलंय. गालांवर लाल चट्टे यायचे, ताप येऊन जायचा. मंग बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी उठल्यावर तिला डब्याचं झाकणसुद्धा उघडता यायचं नाही. गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं, गोळ्या दिल्या. त्यात बरेच महिने गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून बीमारीचं नाव सांगितलं, ते अण्णांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. शरीराची राखण करणारी ताकदच तिच्या शरीरावर उलटली आहे, बाईंनी समजावलं, आणि ऊन त्या ताकदीला आणखी चेतवतं. गोळ्या चालू राहतील. पण सकाळचंही ऊन नको आणि ढगाळ दिवसाचंही नको.

येताना एसटीत माय खिडकीशी बसली होती. मी तिला उठवून आतल्या बाजूला बसवलं. ती उठली. जन्मभर उन्हात राबलेली बाई, तिला मी खिडकीतल्या उन्हापासून लपवत होते, आणि समोरच्या सीटवर अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, जसे काही ते हात कुणी दुसऱ्याचे आहेत.

गावच्या घरी गेल्यावर खिडकीला चादर लावली. पुढच्या दाराला जाड पडदा. आमचं घर पत्र्याचं, दुपारी आत नुसती भट्टी. माय त्या अंधारात बसायची आणि बाहेरचे आवाज ऐकून सगळं ओळखायची. बाया निंदायला निघाल्या की पडद्याआडून विचारायची, "कोणत्या शेताला चालल्या गं?" संध्याकाळी अण्णा आले की लगेच, "कुठपत्तूर निंदून झालं? विहिरीकडचं राह्यलं का?" अण्णा दोन शब्दांत सांगायचे. तेवढ्यावर तिचं भागायचं नाही.

मी गेले की म्हणायची, "मला जनावरावाणी कोंडून घातलं तुम्ही."

"माय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"त्यांला सांगायला काय जातंय? त्या पंख्याखाली बसून राह्यल्या."

छत्री दिली होती तिला. पण सुजलेल्या बोटांत दांडा धरवायचा नाही, आणि छत्री डोक्यावर असली तरी जमिनीवरून तिरीप तोंडावर यायचीच. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला स्कार्फ, हेही केलं. घरापासून बांधापर्यंत गेली तरी जीव घामाघूम व्हायचा, आणि संध्याकाळी गाल परत लाल.

औषधातलं मला काही कळत नव्हतं. येत होतं ते शिवणं. म्हणून मी शिवायला घेतलं. शेतात नेता येईल असा, आत एक माणूस बसेल एवढाच तंबू. उचलायला हलका पाहिजे, कारण ती एका जागी बसणारी नव्हती.

पहिला शिवला तो छत्रीच्या काळ्या कापडाचा. अण्णांनी अंगणात चार काठ्या रोवल्या, त्यावर आम्ही तो चढवला. माय आत जाऊन बसली. थोड्याच वेळात आतून म्हणाली, "बाई, दम कोंडायलाय." पडदा वर केला तर तिच्या कपाळावरून धारा लागलेल्या. अंबडला घरी येऊन मी ते कापड तोंडाला लावून फुंकर मारली. पलीकडं धरलेल्या हाताला काहीच लागलं नाही. पाणी अडवणारं कापड वाराही अडवतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

टरबुजाच्या रोपांवर अंथरतात ते पांढरं, कागदासारखं कापड अण्णांनी शेजारच्या शेतातून मागून आणलं. त्याला आमच्याकडं क्रॉप कव्हर म्हणतात. वजन तर काहीच नाही. फुंकर मारली की आरपार. मला वाटलं, जमलं. दुसरा तंबू त्याचा शिवला आणि माय मोसंबीखाली जाऊन बसली. किती महिन्यांनी ती घराबाहेर बसली होती! पांढऱ्या उजेडात तिचं तोंड एकदम स्वच्छ दिसत होतं. झाडांकडं बघून म्हणाली, "फळ बारीक राह्यलं यंदा." अण्णा खाली बसून तिच्याशी पाण्याच्या पाळ्यांबद्दल बोलायला लागले. ते इतकं बोलतात हे मी विसरूनच गेले होते.

संध्याकाळी ताप चढला. दुसऱ्या दिवशी गाल, मान, हाताचे कोपर, सगळं लाल भडक. आत जो पांढरा उजेड आम्हाला छान वाटला होता, तेच ऊन होतं. अण्णांनी तो तंबू काढून घडी घातली आणि गोठ्यात ठेवला.

तिसरा करायचं माझ्या मनात नव्हतं. पण त्याच दिवसांत एका गावाच्या कबड्डी संघाचे कपडे शिवायला आले. गडद निळं कापड, खेळाडूंच्या ट्रॅक पँटचं. सवयीनं मी तोंडाला लावून फुंकर मारली. हाताला गार वारा लागला. मंग अंगणात जाऊन सूर्याकडं धरलं. पलीकडचं काही दिसेना, उजेडाचा टिपकासुद्धा नाही. मी त्याच दुकानातून तसलं कापड आणलं. निळं कापड तापणार हे मला माहीत होतं, म्हणून वरून क्रॉप कव्हरचा पांढरा थर घेतला आणि दोन्ही थरांच्या मध्ये हातभर जागा सोडली. ऊन वरच्या थरावर अडकेल, मधून वारा फिरेल, आणि आतल्या निळ्यानं उरलेला उजेड अडवला की झालं. खालून सगळ्या बाजूंनी वीतभर मोकळं ठेवलं, पण तिथं आतून एक झालर सोडली, जमिनीवरची तिरीप येऊ नये म्हणून.

तंबू ताणून धरायच्या कमानी अण्णांनी केल्या. नुसती ठिबकची नळी वाकवली तर ती लुळी पडायची, आणि नुसती बांबूची कामटी कापड फाडायची. मंग त्यांनी कामट्या तासून नळीत घातल्या. मी शिवलेल्या खोळीत त्या कमानी सरकवत आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. ते म्हणाले, "तुह्या लग्नाच्या मांडवाला मी हात लावला नव्हता. तवा माणसं होते करायला." एवढं बोलून परत कमानीला लागले.

दसऱ्यानंतर कापूस फुटला आणि माय वेचणीला गेली.

तंबूला तळ नव्हता. रुंदी कापसाच्या दोन ओळींमध्ये बसेल एवढी. माय आत बसायची, सूर्याच्या उलट बाजूचा पडदा वर करायची, आणि हात पोचतील तेवढी बोंडं वेचायची. तिथलं संपलं की हाक मारायची. दोन बाया दोन्हीकडून तंबू उचलायच्या आणि माय आतल्या आत चालत पुढं सरकायची. पहिल्यांदा हे झालं तेव्हा सगळं शेत हसायला लागलं.

"नवरीची डोली निघाली गं!" एकीनं आरोळी दिली.

आतून माय ओरडली, "मंग नाचा की! नुसत्या कामून उभ्या राह्यल्या?"

तिचा तो आवाज मी फार दिवसांनी ऐकला. त्या आठवड्यात मी शिवण बाजूला ठेवून रोज सकाळच्या गाडीनं गावी जात होते. वेचलेला कापूस तसा थोडाच असायचा. सुजलेल्या बोटांनी ती सावकाश वेचायची, बोंडाचं टोक टोचलं की बोट तोंडात घालायची. पण गाल लाल झाले नाहीत. ताप आला नाही. दुपारी बाया भाकरीची फडकी सोडून तंबूभोवती बसायच्या आणि पडद्यातून तिला ठेचा द्यायच्या. मी स्वतःवर खूश होते, हे खरं सांगते. मला वाटत होतं, मी बीमारीला शिवून बाहेर ठेवलंय.

तंबू हलका होता, हाच त्याचा घात झाला. एका दुपारी शेताच्या खालच्या अंगाकडून वावटळ आली. आम्ही बघेपर्यंत ती ओळीत शिरली आणि तंबू मुळासकट उपटल्यासारखा वर गेला. कापसाच्या झाडांवरून गडगडत तो पार बांधावरच्या बाभळीला जाऊन अडकला. आणि माय तिथंच बसलेली, मांडीवर वेचलेला कापूस, डोक्यावर पदरही नाही, वर भक्क ऊन.

अण्णा लांब होते. ते "अरे अरे" करत पळत निघाले, पण कापसातून त्यांना पळता येईना. मी तंबूच्या मागं धावावं की मायकडं, हे मला ठरवता आलं नाही. मी जागच्या जागी उभी होते. बायाच आधी पोचल्या. मायभोवती गोल उभ्या राहून त्यांनी पदर ताणून धरले, एकमेकींच्या पदरात पदर गुंतवून. त्यांच्यातली एक पोटुशी होती, ती हात उंच धरून धापा टाकत होती.

मी आत वाकून गेले. वाटलं, माय रडत असेल. ती डोळे मिटून बसली होती.

"माय, लागलं का गं? जळतंय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "किती दिवसानं पाठीला ऊन लागलं. बरं वाटलं बाई."

बाहेर अण्णा येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी डोक्याचा पटका सोडून तिच्या अंगावर घातला आणि तिला धरून घराकडं घेऊन गेले. तिच्या मांडीवरचा कापूस ओळीत सांडत गेला.

तंबू एका ठिकाणी फाटला होता. मी तो रफू केला, खालून वाळूच्या पिशव्या बांधायला बंद लावले. तो आता उडाला नसता. पण त्या दुपारनंतर पुढच्या दोन-चार दिवसांत मायच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचे वळ उठायला लागले. चप्पल काढली तरी वळ तसेच. बोटानं दाबलं तर खड्डा पडायचा, भरून यायचा नाही. सकाळी डोळ्यांखाली सूज. आम्ही तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत संभाजीनगरला. किडन्यांवर बीमारी उतरली होती.

मी डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठलं. "मॅडम, त्या दिवशी तंबू उडाला. थोडा वेळ तिला ऊन लागलं. त्याच्यानं झालं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "किडनीचं बरंच आधीपासून आतल्या आत सुरू असणार. थोड्या वेळाच्या उन्हानं एवढं होत नाही."

"म्हणजे तंबू शिवला नसता तरी?"

"तरीही."

त्यांनी ते माझं मन हलकं करायला सांगितलं असेल. पण मला ते ऐकून काही धरायलाच उरलं नाही. वावटळीनं झालं म्हटलं असतं तर उपाय म्हणून निदान वाळूच्या पिशव्या होत्या.

आता माय माझ्याकडं अंबडला असते. आठवड्यातून दोनदा तिला जालन्याला न्यावं लागतं, यंत्रावर रक्त साफ करायला. उजाडायच्या आत आम्ही निघतो. गोळ्यांनी तिचं तोंड गोल झालंय. ओळखीच्या बाया तिला ओळखत नाहीत, आणि तिलाही ते बरंच वाटतं. एकदा मी म्हटलं, "माय, दवाखान्यात जायला तुला चांगला पायघोळ कोट शिवते, त्याच कापडाचा." ती म्हणाली, "आता काई शिवू नको मह्यासाठी." रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाली.

तंबू गावीच आहे. अण्णा बियाण्याची पोती त्यात गुंडाळून ठेवतात म्हणे, उंदीर कमी लागतात.

यंदा अण्णांनी कापूस लावला नाही. एकट्यानं निंदणं, फवारणी, वेचणी त्यांच्यानं होत नाही. सगळीकडं सोयाबीन पेरलं. हे त्यांनी मला सांगितलं, आणि तिला सांगू नको म्हणाले. ते रोज संध्याकाळी फोन करतात. मी फोन स्पीकरवर लावून मायच्या उशाशी ठेवते.

परवा माय म्हणाली, "बोंडं फुटले का?"

पलीकडून अण्णा म्हणाले, "फुटले. खालच्या अंगाचे फुटले."

"पांढरं दिसून राह्यलं असंल बांधावरून."

"हां, दिसून राह्यलं," अण्णा म्हणाले, आणि ती पुढं विचारत गेली, बाया कोण कोण येणार, पोती धुऊन ठेवली का, आणि ते एकेक उत्तर देत गेले. मी तिथंच बसले होते.