चंद्रीच्या छातीचे ठोके

गायींच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा आणि छातीला ठोके मोजणारा बेल्ट बांधायचं काम पत्करलं की डेटा यायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून येतात. आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात एकाने सुरू केलं की सगळ्यांचा चहा गार होतो!

काम तसं सरळ. गाय कुठे फिरली, किती चढली, तेव्हा तिचं काळीज किती धडधडलं, यावरून तिची ताकद किती खर्च झाली ते काढायचं. आपली गावठी गाय थोडक्यात भागवते, हे आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडमना आकड्यांत दाखवायचं होतं. घाई एवढ्यासाठी की संगमेश्वराकडच्या वाड्यांतून ती भराभर विकली जात होती. तिथल्याच सुलभाकाकूंच्या चंद्री गायीवरही तीच वेळ आली होती. मुलगा महेश मुंबईहून सारखा फोन करायचा, "आये, विकून टाक ती."

*

मांडवीला माझी आत्या राहते. तिने एकदा विचारलं, "इंजिनिअर होऊन तू गुरं राखतोस म्हणे?"

"राखत नाही गो आत्या. कुठे जातात, काय खातात, दमतात का, एवढंच बघतो."

"मग राखणारा दुसरं काय करतो?"

मी आणखी एक आंबोळी मागितली.

*

हिशेबाला गायीचं वजन लागतं. काकू ऐकेनात. गुराचं वजन केलं की नजर लागते म्हणे. मॅडम पीएचडीवाल्या, पण वाद घातला नाही. मूठभर मीठमोहऱ्या आणि मिरच्या मागून घेतल्या, चंद्रीची रीतसर दृष्ट काढली आणि मगच तिला काट्यावर चढवलं. दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी गायी घेऊन हजर, दृष्ट मॅडमनीच काढायची या अटीवर!

तेव्हापासून आमच्या किटमध्ये मीठमोहऱ्यांचा डबा असतो. नव्या ट्रेनीने विचारलं, "मॅडम, हे कशाला?"

"कॅलिब्रेशनला."

त्याने ते लिहूनही घेतलं.

*

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी ऑफिसच्या स्क्रीनवर चंद्रीची हालचाल बंद, ठोकेही बंद. मॅडमनी लगेच गाडी काढायला लावली. आमचा ड्रायव्हर नंदू हातखंब्याला चहालाही थांबला नाही, यावरून काय ते ओळखा.

पोचलो तर चंद्री अंगावर गेरूचे ठसे आणि गळ्यात झेंडूची माळ मिरवत पेंढा खात होती. पट्टा आणि बेल्ट देवघरात, हळदकुंकू लावून.

"सणाला तिच्या अंगावर जुनं कसं ठेवायचं?" काकू म्हणाल्या. "आनि यंत्राची पूजा नको?"

मॅडम पायरीवर बसून चक्क रडल्या. मग फराळ केला.

*

आता शिमग्याचं. महेश पालखीला गावी आला तो गिऱ्हाईक ठरवूनच. "लिटरभर दूध देते. एवढ्याशा गायीत आहे काय?" काकू चुलीपुढून उठल्याच नाहीत. चंद्री गेली तर आमचं काम अर्धवट राहणार होतं, पण खरं सांगायचं तर काकूंकडे बघवत नव्हतं.

मॅडमचं लक्ष महेशच्या मनगटाकडे गेलं. गडी रोज जिमला जाणारा, हातात ठोके मोजणारं भारी घड्याळ. त्या म्हणाल्या, "आज चंद्रीबरोबर डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर जाऊन येता?"

"एवढंच ना!" म्हणत तो निघाला. भर दुपार, वर तापलेला कातळ. आम्ही आंब्याखाली बसून राहिलो. बऱ्याच वेळाने चंद्री रमतगमत उतरली. तिच्यामागून महेश, शर्ट काढून डोक्याला बांधलेला.

मॅडमनी पडवीत लॅपटॉप उघडून दोघांच्या ठोक्यांच्या रेघा एकाच स्क्रीनवर लावल्या. चढावर चंद्रीची रेघ जराशी उठली आणि लगेच खाली बसली. महेशची वर गेली ती उतरायचं नावच घेईना. अख्खी वाडी वाकून बघत होती. आपण या गायीचं काम करतो याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

काकूंनी पदराला हात पुसले, कुठली रेघ कुणाची ते मॅडमना पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि लेकापुढे पाण्याचा तांब्या धरत म्हणाल्या, "मग आता बोल, दोघांतलं कोन विकायचं?"