तांब्याच्या जुन्या कड्या

बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत समस्थानिके वेगळी करणारे यंत्र उभे राहत होते. त्वरकात तयार होणारी अस्थिर अणुकेंद्रके काही मिनिटांतच विरून जात. तेवढ्यात या यंत्राने ती वजनानुसार निवडून द्यायची होती. त्यासाठी आतली हवा काढून टाकावी लागे. ते काम माझ्याकडे होते, आणि कुठून तरी हवा आत शिरतच होती.

गळती शोधायला चामराजपेटहून एक मेकॅनिक येत. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. स्पिरिटचा बोळा ते एकेका जोडावर फिरवत आणि मापकाच्या काट्याकडे बघत बसत; काटा हलला की गळती तिथेच. जाताना उघडलेल्या जोडांतल्या, सांधा हवाबंद करणाऱ्या तांब्याच्या कड्या जेवणाच्या डब्यात टाकत. डबा खुळखुळला की माझा संशय वाढे. गळतीही तेच मुद्दाम ठेवतात की काय, असे वाटे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. चोरीत माझे नाव आले असते तर शिक्षण संपले असते.

एकदा धीर करून विचारले, "अण्णा, डब्यात काय नेता?"

त्यांनी डबा उघडला. सगळ्या कड्या हातोडीने मुडपलेल्या होत्या.

"स्टोअरात मोडीत देतो. एकदा दाबलेली कडी परत बसत नाही रे. तशीच ठेवली तर गरिबाघरचा कुणी तरी घासून पुन्हा लावतो. मीपण लावलेली." मग डब्यातल्या कड्या चाळवत ते म्हणाले, "परवा मोजताना एक कमी भरली."

मी तिसऱ्या जोडाकडे बोट दाखवले. संस्थेचा खर्च वाचावा म्हणून तिथे जुनी कडी मीच लावली होती.

"सरी, ठीक आहे," म्हणत त्यांनी पाना माझ्या हातात दिला.