चार कॅरम बोर्डांची पंगत

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. ज्या दिवशी ज्या गावाची मंडई, त्या दिवशी तिथे घरोघर पाहुण्यांची पंगत. आमच्या मंडईला दादा, माझा मोठा भाऊ, सात वर्षं आला नव्हता. दोष माझ्या जिभेचा. याच सणाच्या जेवणात मी त्याला म्हणालो होतो, "धान मी पिकवतो, तू त फक्त नवे तांदूळ न्यायले येतोस." तो अर्ध्या ताटावरून उठला आणि चपला घालून निघून गेला. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

यंदा वहिनींचा फोन आला, येतो म्हणतात. पण दादाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, जमिनीवर बसता येत नाही. सगळी पंगत खाली आणि तो एकटा वर खुर्चीत, हे मला पटेना. आधीच बिथरलेला माणूस, त्याला वेगळं बसवलं असं वाटलं तर संपलंच. बसायचं तर सगळ्यांनी एका उंचीवर बसायचं. घरात एवढं मोठं टेबल कुठलं? होते ते माझे कॅरम बोर्ड. पुढच्या खोलीत चार, लोखंडी स्टँडवर. संध्याकाळी अर्धं गाव तिथे खेळायला येतं. बायको त्यांना आपल्या सवती म्हणते.

मंडईच्या सकाळी मी सोंगट्या, स्ट्रायकर सगळं आवरलं. चारही बोर्ड एका रांगेत जोडले, वर धुतलेल्या चादरी घातल्या. बोर्डांवर खाली सोडलेले दिवे डोक्याला लागतील म्हणून वर बांधले. खोलीतली पाण्याची भांडी, पेले, डब्या एका घमेल्यात भरून स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. बायको म्हणाली, "हा कचरा इथं कायले आनून राहिले?" मी म्हटलं, "आजच्या दिवस सांभाळ." मला घाई झाली होती.

दादा आला. म्हातारा झाला होता. माझ्याशी नाही, भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाला, "कॅरमवर जेवाचं का आता?" कुणी हसलं नाही. तरी तो बसला. शेजारी वहिनी, समोर मी, पलीकडे पोरी-जावई. नव्या तांदळाचा वाफाळता भात, लाखोरीची डाळ, वडे, खीर. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे हात लावत नाहीत, म्हणून सगळे दादाच्या हाताकडे बघत होते. एक घास त्याच्या तोंडात गेला की झालं, एवढंच माझ्या मनात होतं.

दादाला मीठ जास्त लागतं. त्याने मान न वळवता बोट दाखवलं. माझ्या थोरल्या पोरीने स्वयंपाकघरातून आणून ठेवलेल्या भोकांच्या डबीतून त्याच्या भातावर भरपूर मीठ शिंपडलं आणि डबी पुढे ठेवली. दादा भात कालवू लागला.

डबीच्या झाकणाला पोचा होता. तो पोचा मी ओळखला. पावसाळ्यात पाकिटातली कॅरमची पावडर ओली होते, म्हणून बायको नको नको म्हणत असताना मी मिठाचीच एक जुनी डबी उचलून तिच्यात पावडर भरली होती. बोरिक पावडर. पाकिटावर खाण्यासाठी नाही असं लिहिलेलं असतं. आणि ती डबी सकाळी मीच घमेल्यातून स्वयंपाकघरात नेली होती.

घास उचलला गेला. ओरडलो तर दादाला पुन्हा या घरात ताटावरून उठवल्यासारखं होणार, आणि या वेळी तो कायमचा जाणार. गप्प बसलो तर पोटात विष. हे सगळं मनात यायला किती वेळ लागला कोण जाणे. मी उठून बोर्डावरून वाकलो आणि त्याचं मनगट गच्च धरलं. खीर सांडली, भात चादरीवर पडला.

"खाऊ नको!"

दादाचा चेहरा लाल झाला. त्याने खुर्ची मागे सरकवली. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"मीठ नोहे दादा, कॅरमची पावडर हाय. माहीच चूक हाय. तू उठू नको. तुह्या पाया पडतो, उठू नको."

थोरली रडायला लागली. बायकोने ते ताट उचलून नेलं. आधी दादाने डबीकडे पाहिलं, मग आपल्या मनगटावरच्या माझ्या हाताकडे.

"सात वर्सं झाली," तो म्हणाला. "तवा असाच हात काऊन नाही धरला बे?"

जावयांसमोर रडायची मला लाज वाटत होती. बायकोने दुसरं ताट वाढून आणलं, आधी स्वतः चाखून.

"सोड आता," दादा म्हणाला. "भूक लागली."

सोडायला मला जरा वेळच लागला.